नागनिका: मूर्ती झिजली, पण चांदीच्या नाण्यावर नाव टिकलं अशी सातवाहन राणी

रोमच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला सम्राज्ञीचा चेहरा असायचा आणि दुसऱ्या बाजूला एखादी देवी. कुणामागे जुनो, कुणामागे व्हीनस, तर कुणामागे सुबत्तेची देवी. रोमची चांदीची नाणी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून भारतात यायची. दक्षिण भारतात तर त्यांचे मोठे साठे जमिनीत सापडले आहेत.

मग त्या काळात आपल्याकडच्या राण्या नाण्यांवर होत्या का?

होत्या. त्यातलं महाराष्ट्राच्या मातीतलं सगळ्यात जुनं आणि महत्त्वाचं नाव म्हणजे नागनिका. सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची ही राणी. जुन्नर परिसरात मिळालेल्या एका चांदीच्या नाण्यावर राजाच्या नावासोबत तिचंही नाव आहे. नाणेघाटाच्या लेण्यात तिची मूर्ती होती आणि त्याच लेण्यात तिच्या घराण्याचा मोठा शिलालेख आजही आहे.

सातवाहन म्हटलं की पैठण, जुन्नर आणि नाशिक आठवतं. पण हे राज्य तेवढ्यापुरतं नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीहून वर्धा नदी ओलांडून भद्रावतीला गेलं की विजासनची बौद्ध लेणी लागतात. ती सातवाहन काळाशी जोडली जातात. चंद्रपूर आणि वाशिम या शेजारच्या जिल्ह्यांत सातवाहनांच्या नाण्यांचे साठे मिळाले आहेत. त्यामुळे नागनिकेची गोष्ट वऱ्हाडाचीही आहे.

महारठीची मुलगी

नागनिकेचा काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक मानला जातो. नाणेघाटाचा लेख पहिल्यांदा नीट वाचणाऱ्या काही अभ्यासकांनी तो दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेला होता. अक्षरांच्या वळणावरून आता बहुतेक जण पहिलं शतक धरतात.

तिचे वडील महारठी होते. महारठी ही त्या काळातली मोठी पदवी होती. आपापल्या भागात सत्ता गाजवणारे, स्वतःचं सैन्य बाळगणारे सरदार ही पदवी लावत. महाराष्ट्र आणि मराठा या शब्दांचं मूळ काही अभ्यासक याच शब्दात शोधतात. नाणेघाटाच्या लेखात राणीच्या वडिलांचं कूळ अंगिय असं दिलं आहे आणि या कुळाची कीर्ती त्यांनी वाढवली असं म्हटलं आहे.

सातवाहनांसाठी हे लग्न राजकारणाचं होतं. घराण्याचा पहिला राजा सिमुक. त्याच्यानंतर राज्य वाढवायचं तर घाटवाटा हातात हव्या होत्या आणि घाटवाटांच्या आसपास अशा महारठींचं वजन होतं. त्यांच्याशी लढण्यापेक्षा सोयरीक जुळवणं फायद्याचं होतं. हे नातं किती महत्त्वाचं होतं, ते नाणेघाटातच दिसतं. तिथे राजघराण्यातल्या व्यक्तींच्या रांगेत एका महारठीचीही मूर्ती होती. तिच्यावर त्रनकयिरो असं नाव कोरलं आहे. हेच राणीचे वडील असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजाच्या सासऱ्याला घराण्याच्या दालनात जागा मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

दक्षिणापथाच्या राजाची राणी

नागनिकेचा नवरा सातकर्णी हा सातवाहनांचा पहिला खऱ्या अर्थाने मोठा राजा. नाणेघाटाचा लेख त्याला शूर, कुणी अडवू न शकलेला आणि दक्षिणापथाचा स्वामी म्हणतो. दक्षिणापथ म्हणजे विंध्याच्या खालचा सगळा मुलूख. प्रशस्तीत थोडी अतिशयोक्ती असतेच, पण त्याचा दबदबा शत्रूच्या लेखातही दिसतो.

कलिंगचा राजा खारवेल याचा लेख भुवनेश्वरजवळच्या हाथीगुंफेत आहे. सातकर्णीची पर्वा न करता आपण पश्चिमेकडे सैन्य पाठवलं आणि ते कण्हबेणा नदीपर्यंत पोहोचलं, असं खारवेल त्यात सांगतो. ही नदी कोणती यावर वाद आहे. काही जण ती कृष्णा मानतात. विदर्भाच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक वासुदेव विष्णु मिराशी यांच्या मते ती विदर्भातली कन्हान आणि वैनगंगा. मिराशींचं म्हणणं धरलं तर नागनिकेच्या नवऱ्याच्या राज्याची पूर्व सीमा आजच्या विदर्भात येते आणि कलिंगचं सैन्य तिथवर आलं होतं असं होतं.

या राजाने दोनदा अश्वमेध केला. अश्वमेध म्हणजे घोडा मोकळा सोडायचा, तो जिथे जाईल तिथल्या राजांनी एकतर आपलं वर्चस्व मान्य करायचं किंवा लढायचं. सातवाहन घराणं तेव्हा नवं होतं. आपण सामान्य सरदार नाही, राजे आहोत, हे सगळ्यांना दाखवण्याचा हा मार्ग होता. अशा यज्ञात राणीचं काम फक्त शेजारी बसण्याचं नसतं. वैदिक रीतीप्रमाणे पत्नीशिवाय यजमान यज्ञ करूच शकत नाही आणि अश्वमेधात तर राण्यांना ठरलेले विधी करावे लागतात. म्हणजे हे यज्ञ झाले तेव्हा नागनिका त्यांच्या मध्यभागी होती.

त्यांना दोन मुलं असल्याचं लेखातून कळतं. एक वेदिश्री आणि दुसरा शक्तिश्री, ज्याचं नाव प्राकृतात सति सिरिमत असं येतं.

नवऱ्यानंतर

मग सातकर्णी गेला. मुलं बहुधा लहान होती. नाणेघाटाचा लेख वेदिश्रीला श्रेष्ठ कुमारही म्हणतो आणि राजाही म्हणतो. यावरून अभ्यासकांनी असा अर्थ काढला की राज्य वेदिश्रीच्या नावाने चाललं होतं, पण कारभार आई बघत होती.

लेखातलं राणीचं वर्णन याच काळातलं वाटतं. महिना महिना उपवास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, दीक्षा, व्रतं आणि यज्ञ यांत निष्णात, अशी तिची ओळख करून दिली आहे. हे विधवेचं वर्णन आहे असं जॉर्ज ब्यूलर या जर्मन पंडितांनी 1883 मध्ये लेख प्रसिद्ध करताना मांडलं आणि पुढे बहुतेकांनी ते मान्य केलं.

या वर्णनात एक राजकीय गरजही दिसते. नवं राज्य, राजा गेलेला, वारस लहान आणि भोवती महत्त्वाकांक्षी सरदार. अशा वेळी सत्तेवर बसलेल्या बाईला आपला अधिकार लोकांना पटेल अशा भाषेत सांगावा लागतो. ती महारठीची मुलगी, दक्षिणापथाच्या राजाची पत्नी आणि पुढच्या राजाची आई. त्यात व्रतस्थ आयुष्याची भर पडली की तिच्यावर बोट ठेवायला जागा उरत नाही.

नाणेघाटातला हिशोब

नाणेघाट जुन्नर तालुक्यात घाटघरजवळ आहे. कोकणातल्या कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने वर जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जायची असं परंपरा सांगते.

घाटमाथ्यावरच्या लेण्यात डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. 1828 च्या सुमारास कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याचं त्याकडे लक्ष गेलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातले अंक उलगडले.

लेखाची सुरुवात धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, तसंच यम, वरुण, कुबेर आणि वासव या चार लोकपालांना वंदन करून होते. त्यानंतर एकामागून एक यज्ञांची नावं आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा येते.

ही यादी एखाद्या खतावणीसारखी आहे. एका ठिकाणी 1,700 गाई आणि 10 हत्ती. एका ठिकाणी चांदीचे 17 घट. कुठे चांदीने मढवलेला घोडा, कुठे 10,001 गाई, कुठे गाव. रोख रकमेचे आकडेही आहेत. त्यातला सगळ्यात मोठा आकडा 24,400 कार्षापणांचा आहे. कार्षापण म्हणजे त्या काळी देशभर चालणारं नाणं. त्याचा चांदीचा प्रकार साधारण साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरायचा.

हे आकडे आणखी एका कारणासाठी मोलाचे आहेत. भारतात अंक कसे लिहीत हे सांगणाऱ्या सगळ्यात जुन्या पुराव्यांत ते मोडतात. यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. त्यातल्या काही अंकांची वळणं आजच्या अंकांच्या पूर्वजांसारखी आहेत. म्हणजे राणीच्या दानधर्माचा हिशोब गणिताच्या इतिहासातही जाऊन बसला.

एवढा खर्च कुठून आला, याचं उत्तर लेण्याच्या दारातच आहे. ज्या घाटातून माल जात होता, तिथेच हा लेख कोरला गेला. व्यापारी, बैलांचे तांडे आणि परदेशी प्रवासी यांच्या नजरेसमोर हे घराणं आपली श्रीमंती आणि आपला अधिकार मांडत होतं.

लेखात नाव का नाही?

हा लेख नागनिकेचा म्हणून ओळखला जातो, पण लेखाच्या मुख्य मजकुरात तिचं नाव आज दिसत नाही. दगड जागोजागी फुटला आहे. ती कुणाची मुलगी, कुणाची बायको आणि कुणाची आई हे वाचता येतं. नेमकं नाव मात्र हरवलं आहे.

मग ओळख कशी पटली? त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव कोरलं होतं. त्या यादीत राजा सिमुक सातवाहन आहे, राजपुत्र आहेत आणि महारठीही आहे. सिमुकानंतर लगेच देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी यांची नावं येतात. इथे आधी राणीचं नाव आहे आणि मग राजाचं. मूर्ती आता जवळपास नष्ट झाल्या आहेत, काहींच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वरची अक्षरं मात्र टिकली.

ही नावं आणि मुख्य लेखातली नाती जोडून अभ्यासकांनी राणीला तिचं नाव परत दिलं.

या लेखावरून अजूनही वाद होतात. यज्ञ राणीने स्वतः केले की नवऱ्याच्या हयातीत झालेल्या यज्ञांची नोंद तिने नंतर करून घेतली? वैदिक नियमांप्रमाणे विधवा एकटी असे यज्ञ करू शकत नाही. म्हणून अनेकांना दुसरा अर्थ पटतो. तो खरा मानला तरी राणीचं महत्त्व कमी होत नाही. नवऱ्याचं यश दगडावर कोरून घेणं आणि ते मुलाच्या वारशाला जोडणं हे राज्य सांभाळणाऱ्या माणसाचंच काम आहे.

चांदीवरचं नाव

आता नाण्याकडे येऊ. सातवाहनांची बहुतेक नाणी तांब्याची, शिशाची किंवा पोटीन नावाच्या मिश्रधातूची असत. त्यांच्यावर हत्ती, घोडा, सिंह, झाड, डोंगर अशी चिन्हं असायची. सुरुवातीच्या राजांची चांदीची नाणी तर फारच दुर्मीळ. म्हणूनच सातकर्णी आणि नागनिका या दोघांची नावं असलेलं चांदीचं नाणं महत्त्वाचं ठरलं.

नाण्यावर नागनिका आणि लेण्यात नायनिका असं का? हा प्राकृत भाषेचा परिणाम आहे. प्राकृतात दोन स्वरांच्या मधला ग अनेकदा य होतो. नगरचं नयर होतं, सागरचं सायर होतं. तसंच नागनिकेचं नायनिका झालं. म्हणजे दोन्ही नावं एकाच बाईची.

नाण्यावर नाव असणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. शिलालेख एका जागी राहतो आणि तिथे जाणाऱ्यालाच दिसतो. नाणं बाजारात फिरतं, हातोहात जातं. ज्याचं नाव नाण्यावर, त्याच्या शब्दाला किंमत, असं लोक समजत. राजाच्या नावाशेजारी राणीचं नाव घालणं म्हणजे तिचा अधिकार सगळ्या मुलुखाला सांगणं.

रोममध्ये काय चाललं होतं?

नागनिकेनंतर काही दशकांनी रोममध्ये लिव्हिया नावाची बाई मोठ्या ताकदीने वावरत होती. ती पहिला सम्राट ऑगस्टस याची बायको आणि दुसरा सम्राट टायबेरियस याची आई. इसवी सन 29 मध्ये ती वारली. टायबेरियसच्या चांदीच्या दिनारावर मागच्या बाजूला हातात फांदी आणि दंड घेऊन बसलेली स्त्री आहे. ही शांतीची देवी आहे आणि तिच्या रूपात लिव्हियाच दाखवली आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. हेच नाणं भारतात सर्वाधिक सापडणाऱ्या रोमन नाण्यांपैकी एक आहे. पण त्यावर लिव्हियाचं नाव नाही. अक्षरं आहेत ती टायबेरियसच्या नावाची आणि पदव्यांची.

पुढच्या काळात रोममध्ये चित्र बदललं. धाकटी फॉस्टिना, जूलिया डोम्ना अशा सम्राज्ञींच्या नाण्यांवर चेहरा आणि नाव दोन्ही येऊ लागलं. मागच्या बाजूला देवी येत राहिल्या. जिला बरीच मुलं झाली तिच्यामागे संततीची देवी आणि घराण्यात एकोपा दाखवायचा असेल तर एकोप्याची देवी. सम्राज्ञीने कसं असावं हे ही देवी सांगायची.

नागनिकेचं उलट आहे. तिच्यासाठी कुठल्याही देवीचं रूप वापरलं गेलं नाही. नाण्यातून आपल्यापर्यंत पोहोचलं ते तिचं स्वतःचं नाव.

पहिली राणी? नाही, पण…

सोशल मीडियावर नागनिकेचा उल्लेख अनेकदा नाण्यावर नाव असलेली जगातली पहिली राणी असा केला जातो. हे बरोबर नाही. इजिप्तमधली राणी दुसरी आर्सिनोई हिचा चेहरा आणि नाव असलेली नाणी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच निघाली होती. क्लिओपात्राचं नाव आणि चेहरा तर रोमन सेनापती मार्क अँटनीच्या चांदीच्या नाण्यावरही आला.

नागनिकेला मोठं करण्यासाठी अशा दाव्याची गरजही नाही. दख्खनच्या पहिल्या मोठ्या राजघराण्यात, घराणं नुकतंच उभं राहत असताना, एका राणीचं नाव लेण्यातही आणि चांदीवरही येतं, एवढंच पुरेसं आहे.

आईच्या नावाचे राजे

नागनिकेनंतर सातवाहन राण्यांची नावं नाण्यांवर अशी आली नाहीत. पण बायका नाण्यांवरून पूर्ण गेल्याही नाहीत. पुढचे राजे आईच्या गोत्राचं नाव लावू लागले. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावं नाण्यांवर जशीच्या तशी आहेत.

या गौतमीपुत्राने क्षत्रप नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपले ठसे मारले. नाशिकजवळच्या जोगलटेंभी इथे 1906 मध्ये 13 हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुतेक नाण्यांवर असे ठसे आहेत. या राजाचे पराक्रम आपल्याला कळतात तेही त्याच्या आईमुळे. गौतमी बलश्रीने नातवाच्या काळात नाशिकच्या लेण्यात मुलाची थोरवी कोरून घेतली. नाणेघाटात नागनिकेने घालून दिलेली वाटच तिने पुढे नेली.

विदर्भात 1939 मध्ये तऱ्हाळा इथे सातवाहनांच्या सुमारे 1,600 नाण्यांचा साठा मिळाला. हे गाव तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशिम जिल्ह्यातलं. मिराशींनी ही नाणी अभ्यासून प्रसिद्ध केली. पुराणांच्या यादीत नसलेल्या काही राजांची नावं त्यामुळे पहिल्यांदा कळली. जे पोथीत उरलं नाही, ते नाण्यांनी जपलं.

म्हणूनच शेतात, नदीकाठी किंवा पायाच्या खोदकामात जुनं नाणं मिळालं तर ते वितळवू नये, घासून चकचकीतही करू नये. घासण्यात अक्षरं जातात आणि अक्षरं गेली की नाण्याची ओळख जाते. सापडलेलं धन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यामुळे ते कुठे, कशासोबत आणि किती खोल मिळालं याची नोंद राहते.

नागनिकेची मूर्ती आज पाहायला मिळत नाही. मुख्य लेखातलं तिचं नाव दगडासोबत गेलं. लेण्याच्या भिंतीवरची एक ओळ आणि चांदीचा एक लहानसा तुकडा वाचला, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही तिला नावाने हाक मारता येते.